स्पिंडल (कोरणारं टोक फिरवणारी मोटार) सुरू केला की कोरीवकाम मशीनची स्क्रीन पांढरी पडते. डिस्प्ले बदलावा का?

तुमच्या प्रश्नातून एवढं समजलं: इंदूरला राजेंद्रनगरमध्ये घरी ३०१८ जातीचं छोटं सीएनसी, म्हणजे फाइलमधल्या आदेशांवर चालणारं कोरीवकाम मशीन आहे, सोबत लॅपटॉपशिवाय ते चालवणारा, हातात धरायचा, स्क्रीन असलेला ऑफलाइन कंट्रोलर आहे. चालू केल्यावर स्क्रीन नीट दिसते, पण स्पिंडल फिरायला लागला की कधी रेघा येतात, कधी ती पांढरी पडून गोठते. गणपतीच्या मखराचं काम अडलंय आणि दुकानदार नवा डिस्प्ले घ्या म्हणतोय.

आत्ताच घेऊ नका. काच किंवा तिची चिप गेली असती तर स्पिंडल बंद असतानाही स्क्रीन बिघडलेलीच दिसली असती. स्पिंडलबरोबरच बिघडते त्याला तीनच कारणं संभवतात: ५ व्होल्टचा पुरवठा खाली बसतोय, मोटारीच्या ब्रशच्या ठिणग्यांचा नॉइज (विजेचा गोंगाट) केबलमधून आत शिरतोय, किंवा थरथरीने केबलचा सैल पिन सुटतोय. या तिन्हीत नवा डिस्प्ले लावला तरी तोही तसाच पांढरा पडेल.

आधी एक साधी गोष्ट तपासा. यूएसबी केबल लॅपटॉपला जोडलेली असताना ऑफलाइन कंट्रोलर वापरू नका. या बोर्डांवर दोघांचाही संवाद एकाच सीरियल लाइनवरून चालतो, त्यामुळे दोन्ही लावले की कंट्रोलर गोठल्यासारखा वाटतो आणि माणूस डिस्प्लेला दोष देतो. तसंच मेमरी कार्ड काढून एकदा मशीन चालू करून पाहा. सुरुवातीच्या चित्रावरच अडकणारी स्क्रीन पुष्कळदा कार्डामुळे अडकलेली असते. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं आणि फॅट३२ फॉरमॅटचं हवं, फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा.

आता केबल. मशीन बंद करा, अडॅप्टर भिंतीतून काढा, मगच केबलला हात लावा. चालू बोर्डावर कुठलीच केबल काढू-घालू नये. अक्ष हलवणाऱ्या स्टेपर मोटारीची केबल तर कधीच नाही, ड्रायव्हर चिप तिथल्या तिथे जळते. कंट्रोलरची केबल म्हणजे ८ पिनांची एफआरसी पट्टी, म्हणजे शेजारी-शेजारी चिकटलेल्या तारांची सपाट केबल. तिची दोन्ही टोकं काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि पिन १ ते ८ एकेक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. तपासताना कनेक्टरजवळ केबल हळूच वाकवत राहा. वाकवल्यावर बीप तुटला तर दोष सापडला. शेजारच्या पिनांमध्ये बीप येत नाही ना, तेही पाहा. खराब पट्टी दुरुस्त करत बसू नका. तेवढ्याच पिनांची आखूड नवी पट्टी घ्या आणि लाल कडा जुनीप्रमाणेच पिन १ कडे ठेवा. उलटी लावली तर ५ व्होल्ट आणि ग्राउंड चुकीच्या जागी जाऊन कंट्रोलर खरंच मरू शकतो.

पावसाळ्यात इथे आणखी एक प्रकार होतो. लाकडाचा बारीक भुसा, त्यातही एमडीएफचा, हवेतला ओलावा शोषून पिनांवर बसतो आणि काही आठवड्यांत पिनांवर हिरवट थर धरतो. तो काढायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश पुरे. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, स्क्रीनवरची फिल्म आणि प्लास्टिक दोन्ही धुरकट होतात. कॉम्प्रेसरची हवाही जवळून मारू नका. टाकीतलं पाणी हवेबरोबर बोर्डावर येतं. साफ केल्यावर अर्धा तास सुकू द्या.

केबल चांगली निघाली तर पुरवठा मोजा. इथे घाई करू नका, बहुतेकांचा दोष इथेच सापडतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी तार ग्राउंडला, लाल तार कंट्रोलरच्या कनेक्टरवरच्या ५ व्होल्टच्या पिनला. पिनांचा क्रम बोर्डावर छापलेला असतो. स्पिंडल बंद असताना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. मग स्पिंडल सुरू करून आकडा पाहा. मीटरमध्ये मिन-मॅक्सची सोय असेल तर ती लावा, कारण क्षणभराची पडझड साध्या मीटरला दिसत नाही. कंट्रोलरच्या आत ५ चे ३.३ व्होल्ट करणारा रेग्युलेटर असतो, बहुधा एएमएस१११७. त्याला बाहेर द्यायच्या व्होल्टेजपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त आत लागतात. म्हणजे पुरवठा ४.४ च्या आसपास आला की ३.३ ची लाइनही ढासळते, स्क्रीनची चिप आपली मांडणी विसरते, मागचा दिवा मात्र जळत राहतो. पांढरी स्क्रीन म्हणजे नेमकं हेच: दिवा आहे, चित्राचा आदेश नाही.

५ व्होल्ट पडत असतील तर मागे जाऊन अडॅप्टरचे २४ व्होल्ट मोजा. स्पिंडल लाकडात चालत असताना अडॅप्टर २३ च्या खाली जाऊ नये, २१ दिसले तर अडॅप्टर थकलाय किंवा सुरुवातीपासूनच कमी ताकदीचा होता. स्पिंडलची ७७५ जातीची मोटार सुरू होताना नेहमी फिरतानाच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते. त्यामुळे अडॅप्टरवर ५ अँपिअर किंवा जास्त लिहिलेलं असावं, आणि बारीक गोल पिनच्या जागी स्क्रूचं टर्मिनल मिळालं तर उत्तम. अडॅप्टरऐवजी जाळीदार पत्र्याच्या डब्यातला वीजपुरवठा (एसएमपीएस) वापरत असाल तर तो उघडू नका. त्याच्या आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो.

नवा अडॅप्टर येईपर्यंत काम चालवायचं असेल तर फाइलच्या सुरुवातीला स्पिंडल टप्प्याटप्प्याने चढवा: एम३ एस३००, मग जी४ पी१ म्हणजे एक सेकंद थांबा, मग एस६००, पुन्हा जी४ पी१, मग एस१०००. हे आकडे बोर्डाच्या $३० या सेटिंगची (स्पिंडलचा कमाल वेग) किंमत १००० असेल तेव्हाचे आहेत, तुमच्याकडे १०,००० असेल तर प्रत्येक आकडा दहापट करा. सुरुवातीचा झटका कमी झाल्यावर स्क्रीन टिकली, तर पुरवठ्याचाच दोष होता हे पक्कं. सोबत कंट्रोलरच्या टोकाला ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावता येतो. पांढऱ्या पट्टीची बाजू ग्राउंडला. हाच मोठा कपॅसिटर स्पिंडलच्या तारांवर मात्र लावू नका. तिथे पीडब्ल्यूएम असतो, म्हणजे वेग ठरवायला वीज झपाट्याने चालू-बंद होत असते, आणि ते करणारा बोर्डावरचा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जाईल.

५ आणि २४ दोन्ही स्थिर असूनही स्क्रीन जाते? मग नॉइज. खात्री करायची तर मशीन बंद करून स्पिंडलच्या तारा काढा आणि त्या जागी गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॉटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडा. २४ व्होल्टवर ते पावणेदोन अँपिअर घेतात, पण ब्रश नसल्यामुळे ठिणगी नाही. वेग कमी ठेवून सुरू करा, हळूहळू वाढवा. बल्बवर स्क्रीन शांत आणि मोटारीवर बिघडते, तर ब्रशचाच दोष. मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, त्यावर १०४ छापलेलं असतं, ५० व्होल्ट किंवा जास्तीचा घ्या. आणखी दोन, प्रत्येक टोकापासून मोटारीच्या धातूच्या अंगापर्यंत. अंगावर सोल्डर धरण्यासाठी आधी ती जागा पॉलिश पेपरने घासावी लागते. स्पिंडलच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्या, कंट्रोलरची पट्टी त्यांच्यापासून दूर न्या आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. पट्टीवर बोर्डाजवळ फेराइटची क्लिप बसवा. ब्रश झिजून ठिणग्या मोठ्या दिसत असतील तर मोटारच बदला, कपॅसिटर किती झाकणार?

अर्थिंगही पाहून घ्या. दोन पिनांच्या अडॅप्टरवर मशीनचा सांगाडा तरंगता, म्हणजे अर्थला न जोडलेला राहतो. मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा हलका झटका जाणवत असेल तर तेच कारण. घरच्या सॉकेटमध्ये फेज-अर्थ साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. हे माप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि ठीक असेल तर सांगाड्यापासून अर्थपर्यंत हिरवी तार टाकून घ्या. एप्रिल-मे महिन्यांत, हवा कोरडी असताना, व्हॅक्यूमच्या प्लास्टिक पाइपमधून भुसा धावतो तेव्हा स्थिर वीज साठते आणि तिच्या ठिणगीनेही स्क्रीन रीसेट होते. पाइपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून तीही अर्थला जोडायची. हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत लक्षण बदलत राहिलं तर आश्चर्य मानू नका, हवा बदलते तसा दोषही बदलतो.

डिस्प्ले खरोखर गेला आहे हे कधी मानायचं? स्क्रीन काळी दिसते, पण तिरका टॉर्च मारल्यावर पुसट अक्षरं दिसतात, तेव्हा मागचा दिवा गेला. एकाच जागी कायमची उभी रेघ, आणि काचेच्या कडेला बोटाने अलगद दाबल्यावर ती जाते-येते, तेव्हा काचेवर चिकटलेल्या पट्टीचा सांधा सुटला. तो उष्णतेने दाबून बसवलेला असतो, सोल्डर होत नाही. काचेला चीर असेल तर प्रश्नच नाही. जुन्या चार ओळींच्या निळ्या एलसीडीवर नुसते पांढरे चौकोन दिसत असतील तर मात्र ती जिवंत आहे. तिला बोर्डाकडून आदेश मिळत नाहीत, नाहीतर कॉन्ट्रास्टचा छोटा स्क्रू फार फिरलाय. तो आधी हळूच उलटा फिरवून पाहा.

बोर्ड शाबूत आहे का हे ठरवायला कंट्रोलर काढून लॅपटॉप जोडा, कॅंडल किंवा युनिव्हर्सल जी-कोड सेंडर हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर उघडा, बॉड रेट १,१५,२०० ठेवा आणि $$ पाठवा. सेटिंग्जची यादी आली, अक्ष हलले, तर बोर्ड ठीक. मखर तोपर्यंत लॅपटॉपवरून कोरता येईल, काम थांबवायची गरज नाही.

आणि डिस्प्ले बदलायचाच ठरला तर इंदूरच्या जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना कंट्रोलर सोबत न्या. नुसतं इंचाचं माप सांगू नका. काचेच्या पट्टीवर छापलेला नंबर, पिनांची संख्या आणि चिपचं नाव जुळायला हवं. १.८ इंचाच्या स्क्रीनमध्ये पुष्कळदा एसटी७७३५ असते, २.४ आणि २.८ इंचात आयएलआय९३४१. दुसऱ्या चिपची काच बसवली तर ती नवी असूनही पांढरीच राहील किंवा चित्र उलटं दिसेल. सोल्डरिंगची सवय नसेल तर सुटी काच घेऊ नका, पूर्ण कंट्रोलरच घ्या, आणि तो तुमच्याच बोर्डाच्या ८ पिनी क्रमाचा आहे का हे दुकानातच बोर्डाचा फोटो दाखवून पडताळा.