'शीर तुटली' म्हणजे नेमकं काय तुटलं?

विचारणा अशी आहे: केसपेपरवर मराठीत 'उजव्या हाताला जखम, शीर तुटली' एवढंच लिहिलंय. आयसीडी-१० (आजार आणि इजांना कोड देणारी जागतिक आरोग्य संघटनेची यादी) प्रमाणे कोड देताना यातून काय घ्यायचं? आणि 'लॅसरेशन'ला मराठी शब्द कोणता?

खरा घोळ 'शीर' या शब्दात आहे. बोलीत शीर म्हणजे रक्तवाहिनी, शीर म्हणजे मज्जातंतू आणि बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तीसुद्धा शीरच. 'नस'चंही तसंच. आयसीडीत मात्र मनगट व पंजा या भागासाठी हे तीन वेगळे गट आहेत: मज्जातंतू एस ६४, रक्तवाहिन्या एस ६५, स्नायू आणि टेंडन एस ६६. त्यामुळे नुसत्या 'शीर तुटली'वरून यातला कोणताही कोड देता येत नाही. लिहिणाऱ्याने शब्दाऐवजी लक्षण लिहिलं तर प्रश्न सुटतो. बोट वाकत किंवा सरळ होत नसेल तर टेंडनचा संशय, टोकाला बधिरपणा असेल तर मज्जातंतूचा, रक्त चिळकांड्या मारत असेल तर धमनीचा. अर्थात पक्कं निदान डॉक्टरांनीच लिहायचं, कोड देणाऱ्याने लक्षणावरून अंदाज बांधायचा नाही. टेंडनला 'कंडरा' हा पारिभाषिक शब्द आहे, पण वॉर्डात तो कोणी म्हणत नाही. सरळ 'टेंडन' लिहावं.

दुसरा सैल शब्द 'हात'. मराठीत हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. आयसीडीत खांदा व दंड एस ४०-४९, कोपर व त्याखालचा भाग एस ५०-५९, मनगट व पंजा एस ६०-६९. गंमत म्हणजे आपल्या 'हाता'ला तंतोतंत बसणारा कोडही आहे: टी ११.१, म्हणजे हाताची उघडी जखम, पातळी अनिर्दिष्ट. तो नको असेल तर पंजा, तळहात, मनगट, दंड असं लिहावं. कोपर ते मनगट या भागाला मात्र रोजच्या बोलण्यात एकशब्दी नाव नाही, म्हणून 'कोपराखाली अमुक सेंमी' असं अंतरच द्यावं.

बोटांना आकडे देऊ नयेत. 'तिसरं बोट' म्हणजे अंगठा धरून मधलं, न धरता अनामिका. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी ही नावं असताना आकडा कशाला? मूळ आयसीडीत नखाला इजा नसलेली बोटाची उघडी जखम एस ६१.० आणि नखाला इजा असेल तर एस ६१.१, मग बोट कोणतंही असो. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी कागदपत्रांचं कोडिंग करणाऱ्यांना मात्र आयसीडीच्या अमेरिकी आवृत्तीप्रमाणे अंगठा वेगळा, बाकीची बोटं वेगळी, उजवं-डावं वेगळं, शिवाय उपचाराचा टप्पा सांगणारं सातवं अक्षर. तिथे टेंडन, मज्जातंतू किंवा रक्तवाहिनीच्या कोडसोबत उघड्या जखमेचा एस ६१ही द्यावा लागतो.

आता 'लॅसरेशन'. न्यायवैद्यकात ही बोथट माराने फाटलेली जखम. कडा वेड्यावाकड्या, आत ऊतींचे धागे टिकून राहिलेले. धारेने झालेली ती कापल्याची जखम, तिच्या कडा साफ. म्हणजे 'फाटणं' आणि 'कापणं' ही आपली साधी क्रियापदंच पुरेशी आहेत. 'विदीर्ण व्रण' वगैरे घडवू नये. त्यात 'व्रण' म्हटलं की वाचणाऱ्याला जुना वण आठवतो (वण हा त्याचाच तद्भव), ताजी जखम नव्हे. कॅज्युअल्टीत मात्र सगळ्यालाच सरसकट 'सीएलडब्ल्यू' (कन्ट्यूज्ड लॅसरेटेड वूंड, म्हणजे माराने फाटलेली जखम) लिहितात. कोड दोन्हीला एस ६१च असल्याने तिथे बिघडत नाही, पण एमएलसीत (पोलिसांत जाणाऱ्या मेडिको-लीगल केसमध्ये) कोयता की लाकूड हा प्रश्न उभा राहतो तेव्हा ही चूक भोवते.

क्रियापदं इतर ठिकाणीही नेमकी आहेत. खरचटलं आणि मुका मार एस ६०, चेंगरलं एस ६७. 'मोडलं' म्हणजे हाड, एस ६२. 'तुटलं' म्हणजे वेगळं झालं, एस ६८. हल्ली हिंदीच्या वळणाने 'बोट तुटलं' हे फ्रॅक्चरलाही म्हणतात. तेव्हा छाटलं गेलं असेल तर तसंच, कुठल्या पेरापासून तेही लिहावं.

सगळ्यात जपून वापरायचं ते 'कापून घेतलं'. विळीवर भाजी चिरताना धांदरटपणा झाला तरी घरात 'बोट कापून घेतलंस ना!' असंच म्हणतात. कागदावर 'मनगट कापून घेतले' उतरलं की वाचणारा ते स्वतःला केलेली इजा, एक्स ७८, समजतो. अपघाती धारदार वस्तू डब्ल्यू २६. हेतू ठरवता आला नाही तर त्यासाठी वाय २८ आहे. रुग्णाचं वाक्य अवतरणचिन्हांत घ्यावं आणि पुढे 'विळीवर, भाजी चिरताना' इतकं जोडावं.