कर्करोगाच्या रुग्णाला व्यायाम सांगण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

कर्करोग पुनर्वसनाच्या कामात तू रुजू होत असल्याचे कळले आणि आनंद वाटला. उपचार चालू असलेल्या रुग्णाला व्यायाम नेमका किती द्यावा, असे तू विचारले आहेस. आकडा सांगणे सोपे आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१८ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेतून ज्या शिफारशी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाल्या, त्यांनुसार आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुमारे १२ आठवडे केल्यास थकवा, चिंता आणि नैराश्याची लक्षणे कमी होण्यास मदत होते. जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम असावेत. हे पाठ असू दे, पण रुग्णासमोर बसल्यावर पहिले वाक्य हे नसावे. आजारापूर्वी सहज होत असलेली आणि आता जमेनाशी झालेली कोणती गोष्ट तुम्हाला सर्वांत जास्त खटकते, हे त्याला आधी विचार आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बस.

यामागे भावनेपेक्षा पद्धतीचा भाग अधिक आहे. जगण्याची प्रत मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी ३० प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली तू अभ्यासली असशीलच. लांबवर चालणे जड जाते का, दिवसा अंथरुणात किंवा खुर्चीत पडून राहावे लागते का, असे साधे प्रश्न तीत आहेत, आणि त्यांची उत्तरे रुग्णाने स्वतः द्यायची असतात. रक्ताच्या अहवालात सुधारणा दिसत असताना याच प्रश्नावलीतले गुण घसरलेले असू शकतात. तू दिलेला व्यायाम या घसरणीला रोखतो की नाही, ही तुझ्या कामाची खरी कसोटी आहे. किती मिनिटे भरली हा केवळ हिशेब.

केमोथेरपीच्या काळातला थकवा हा या कामातला सर्वांत अवघड भाग असल्याने त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. दिवसभराच्या श्रमाने आलेला शीण झोपेने उतरतो, हा उतरत नाही. रुग्ण पडून राहतो, पडून राहिल्याने स्नायू झडतात, मग जिना चढण्यासारखे कामही अधिक श्रमाचे होते आणि तो आणखी पडून राहतो. एके काळी सर्रास विश्रांतीचाच सल्ला दिला जाई. १९८० च्या दशकात मेरी मॅकव्हिकर आणि मेरिल विनिंगहॅम या परिचर्या क्षेत्रातील संशोधकांनी केमोथेरपी चालू असलेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांना देखरेखीखाली स्थिर सायकलवर बसवले आणि त्यांची कार्यक्षमता वाढल्याचे दाखवून दिले, तेव्हा कुठे विचार बदलू लागला. हे सारे खरे असले तरी, डोस घेतल्यानंतरच्या पडझडीच्या दिवसांत रुग्णाला ‘जरा चाला, बरे वाटेल’ असे उभ्या उभ्या सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. त्याला दोन वेळापत्रके दे, एक बऱ्या दिवसांचे आणि एक वाईट दिवसांचे. दुसऱ्यात पलंगापासून दारापर्यंतच्या दोन फेऱ्या आणि खुर्चीतून पाच वेळा उठणे एवढेच असले तरी चालेल. तेही ठरवून दिलेले असले, की त्या दिवशी आपण हरलो असे त्याला वाटत नाही. बऱ्या दिवशी किती जोराने चालावे, याचे माप साधे आहे: चालताना वाक्य पुरे बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

तपासताना यंत्रांपेक्षा डोळ्यांचा उपयोग जास्त कर. खुर्चीतून उठताना रुग्ण हात कुठे टेकतो, एकदम उठतो की आधी पुढे सरकून दम घेतो, हे पाहिले की मांड्यांच्या ताकदीचा अंदाज येतो. त्याच्या बुटांकडेही बघ. पुढची कड घासलेली दिसली, तर काही केमो औषधांमुळे तळपायांत आलेली बधिरता आणि न उचलला जाणारा पंजा यांचा संशय घे, आणि चालण्याच्या आधी तोल सांभाळण्याचे व्यायाम सुरू कर.

हाडांत पसरलेला आजार, ताप, फार खाली गेलेले प्लेटलेट्स किंवा हिमोग्लोबिन, हृदयावर परिणाम करणारी औषधे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, स्टोमा (मल किंवा मूत्र बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेले छिद्र) यांपैकी काहीही असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. पण सावधगिरी आणि भीती यांत गल्लत नको. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज असलेल्या स्त्रियांना वर्षानुवर्षे वजन उचलू नका असे बजावले जात होते. अशा १४१ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या वजनांमुळे सूज वाढली नाही, उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले.

आता तुझ्या उत्साहाला थोडा लगाम. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. केमोथेरपीनंतर तीन वर्षे आखीव व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनी सुमारे ९० टक्के रुग्ण हयात होते, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात सुमारे ८३ टक्के. निष्कर्ष मोलाचे आहेत, पण ते एका विशिष्ट कर्करोगापुरते आणि सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्या रुग्णांचे आहेत. ‘व्यायाम करा, आजार परतणार नाही’ असे कोणालाही सांगू नकोस. ज्याचा आजार परततो, तो मग आपण चालायला कमी पडलो म्हणून स्वतःला दोष देत बसतो, आणि तो दोष त्याच्या पदरात आपणच घातलेला असतो.

नातेवाइकांना मात्र पहिल्याच भेटीत जवळ बसव. रुग्णाच्या हातातला पेला घेणारे, त्याला उठू न देणारे हात प्रेमाचेच असतात, पण दिवसभरातली निम्मी हालचाल तेच काढून घेतात. रुग्ण स्वतः करील अशी दोन कामे त्यांच्यासमोरच ठरव, त्यांच्याकडून कबूल करून घे आणि पुढच्या भेटीत आधी त्यांनाच विचार.

कळावे, लोभ असावा.