एक प्रोसेसर की सहा पेडल्स? मिरजेच्या गिटारवादकाला उत्तर

मिरजेहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २८, कुपवाड एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर, हातात येणारा पगार ३१,००० रुपये. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला ते एका वाद्यवृंदात गिटार वाजवतात. गेल्या वर्षी ३४ कार्यक्रम झाले, प्रत्येकी सरासरी २,२०० रुपये मिळाले. हातातल्या जुन्या छोट्या प्रोसेसरचं (गिटारचे अनेक आवाज एकाच डब्यातून देणाऱ्या यंत्राचं) पायाचं बटण आता दगा देतं, ऐन सोलोच्या वेळी आवाज बदलतच नाही. दुकानदाराने बॉस कंपनीचा एमई-९० हा मल्टि-इफेक्ट्स प्रोसेसर ३८,००० रुपयांना, १२ महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर देऊ केला आहे. मित्र म्हणतात, त्याच पैशांत चांगली चार पेडल्स (आवाजाचा एकेकच परिणाम देणारे, पायाने चालवायचे सुटे डबे) येतील, उरलेली दोन पुढे घे. आवाज खरा लागतो आणि विकताना पैसेही सुटतात. बचत खात्यात ६२,००० आहेत, महिन्याला ३,००० ची आरडी चालू आहे, घरखर्च २२,०००. डिसेंबरात घरात बाळ येणार आहे. त्यांचा प्रश्न: "प्रोसेसर घेऊ की पेडल्स? आणि पेडल्सना गुंतवणूक म्हणता येईल का?"

बाळाचा उल्लेख तुमच्या पत्रात अगदी शेवटच्या ओळीत आहे. मी हिशेबाला तिथूनच सुरुवात केली. तुमच्याकडचे ६२,००० म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्चसुद्धा नाही, आणि त्यातूनच दवाखाना करायचा आहे. तेव्हा एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो: या पैशांतून प्रोसेसरही घ्यायचा नाही आणि पेडल्सही नाहीत. वाद्याचा खर्च वाद्याने कमावलेल्या पैशांतूनच भागवायचा. ३४ कार्यक्रमांचे ७४,८०० रुपये तुम्हाला मिळाले, पेट्रोल, तारा आणि बाहेरचं जेवण मिळून दर वेळी ५०० गेले असं तुम्ही लिहिता, म्हणजे हातात ५७,८०० उरले. आता बघू, या पैशांत काय बसतं.

आवाजाबद्दल मी बोलणं तुम्हाला आगाऊपणा वाटू नये म्हणून सांगतो, माझा धाकटा भाऊ दहा वर्षं वाद्यवृंदात गिटार वाजवत होता आणि त्याच्या पैशांची वही माझ्याकडे असायची. त्यानेही मित्रांचं ऐकून पेडल्स जमवली होती. एका गणेश मंडळाच्या कार्यक्रमात, जनरेटरच्या लाइटवर, एकाच अडॅप्टरमधून पाच पेडल्सना करंट देणारी त्याची ती स्वस्तातली वायर अशी काही गुणगुणायला लागली की साउंडवाल्याने तिसऱ्या गाण्यालाच त्याचा चॅनल बंद केला. उरलेला कार्यक्रम तो नुसता हात हलवत उभा होता. घरी आल्यावर जेवलाही नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की पेडलच्या किमतीत पेडल चालवण्याचा खर्च धरलेला नसतो.

तुम्ही पाठवलेल्या सहा पेडल्सच्या यादीचंही तेच झालं आहे. ट्यूनर (तारा सुरात लावायला) १०,५००, वाह ('वा-वा' असा आवाज काढणारं) १०,०००, ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाटका, कडक करणारं) ६,५००, कोरस (एकाच गिटारचा आवाज भरदार करणारं) ११,५००. इथपर्यंत ३८,५०० होतात, म्हणजे प्रोसेसरएवढेच, आणि तिथेच मित्रांचा हिशेब थांबतो. पुढे डिले (प्रतिध्वनी देणारं) १७,५०० आणि रिव्हर्ब (मोठ्या सभागृहासारखी घुमक देणारं) १६,५०० धरले की ७२,५००. प्रत्येक पेडलला वेगळा, स्वच्छ करंट देणारा पॉवर सप्लाय साधारण ८,०००. सहा पेडल्स जोडायला मधल्या पाच छोट्या केबल्स, बऱ्यापैकी घेतल्या तर २,५००. बोर्ड आणि टेम्पोत आपटूनही टिकणारी केस ५,०००. एवढ्यानेही भागत नाही, कारण तुमच्या वाद्यवृंदात गिटारला स्वतःचा स्पीकर असलेला अ‍ॅम्प नाही, तुम्ही थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये वाजवता.

हा मुद्दा तुमच्या मित्रांच्या लक्षात आला नसावा. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर वरची किरकिरी कंपनं स्वतःच गाळून टाकतो. पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही त्यातून बाहेर येत नाही, आणि आपल्या कानांना ओळखीचा असलेला इलेक्ट्रिक गिटारचा गोलसर आवाज त्या गाळण्यातून तयार होतो. ओव्हरड्राइव्ह पेडल सरळ मिक्सरला लावलं की ही चाळणी नाहीशी होते आणि पीएच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या मुख्य साउंड सिस्टिमच्या, मोठ्या स्पीकरमधून पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो. मग स्पीकरची नक्कल करणारा आणखी एक डबा लागतो, त्याचे ९,००० धरा. सगळं मिळून ९७,००० झाले. एमई-९० मध्ये अ‍ॅम्प आणि स्पीकरची नक्कल आतच आहे, ट्यूनर आहे, पायाने चालवायचं वाह आहे आणि लाइट गेली तर तो पेन्सिल सेलवरही चालतो.

कामाच्या बाजूनेही तुमच्यासाठी प्रोसेसरच बरा. एका रात्रीत तुम्ही पंचमदांपासून अजय-अतुलपर्यंत तीस-एक गाणी वाजवता. एका गाण्यात कोरस लावलेला स्वच्छ आवाज, लगेच पुढच्याला डिलेसह कडक डिस्टॉर्शन. सुट्या पेडल्सवर हे करायचं तर निवेदकाच्या दोन वाक्यांच्या मध्ये वाकून तीन बटणं दाबायची, दोन बंद करायची आणि डिलेची खुंटी फिरवायची. प्रोसेसरवर गाण्यागणिक आवाज साठवून ठेवता येतो आणि तो एका ठोक्यात बदलतो. तुम्ही एखाद्या बँडमध्ये स्वतःची गाणी वाजवत असता, गोव्यातल्या एखाद्या ठिकाणी स्टेजवर चांगला अ‍ॅम्प ठेवलेला असता आणि संध्याकाळभर तीनच आवाज लागले असते, तर मी पेडल्सच घ्या म्हटलं असतं. तिथे एक ओव्हरड्राइव्ह आणि एक डिले एवढ्यावर भागतं.

आता गुंतवणुकीचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय, "मिरजेत वाढलो, चांगलं वाद्य पिढ्यान्‌पिढ्या टिकतं हेच ऐकत आलो." तुमच्या गावात हे खरंच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे तिथल्या कारागिरांच्या कित्येक पिढ्यांची मेहनत आहे. तंबोऱ्याची घोडी झिजली तर जवारी (तारेला गुंजणारा नाद देणारी घोडीची घडण) पुन्हा काढून घेता येते, भोपळा तडकला तर तो सांधणारा माणूस तुमच्याच गल्लीत सापडतो. प्रोसेसर असा नसतो. तो आतून छोटा संगणक आहे. स्क्रीन किंवा मुख्य चिप गेली आणि तोवर ते मॉडेल बंद झालेलं असलं तर सुटे भाग मिळता मिळत नाहीत. तुमच्या मित्रांचं म्हणणं इथे बरोबर आहे: बॉसचं डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल १९७८ चं, एसडी-१ ओव्हरड्राइव्ह १९८१ चं, आणि दोन्ही आजही बनतात. त्याच कंपनीचा पहिला मल्टि-इफेक्ट्स एमई-५ आला १९८८ मध्ये. त्यानंतर किती एमई आले आणि बंद झाले. एमई-८० आला २०१४ मध्ये, एमई-९० आला २०२३ मध्ये, आणि नवा आला की जुन्याचा भाव पडतो. साधं ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे थोडे डायोड, एक-दोन आयसी, तीन खुंट्या आणि एक बटण. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जाणता माणूसही ते जिवंत करतो. म्हणून जुनं पेडल बऱ्या भावाला जातं.

पण विकताना तोटा कमी होणं म्हणजे गुंतवणूक नव्हे. गुंतवणूक तुम्ही काही न करता वाढायला हवी. पेडल कपाटात ठेवलं तर वाढत नाही आणि वापरलं तर झिजतं. त्याला सुताराच्या रंध्यासारखं हत्यार समजा, आणि हत्याराला एकच प्रश्न विचारायचा: याच्यामुळे कामं वाढतील का, किंवा असलेली टिकतील का? तुमच्या बाबतीत टिकतील. बटण दगा देत राहिलं तर वाद्यवृंदाचा मालक पुढच्या वर्षी दुसरा गिटारवाला बघेल, ही तुमची भीती मला पटते.

हप्त्यांचं मात्र डोक्यातून काढून टाका. 'नो कॉस्ट' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज असतंच, फक्त ते किमतीत मुरवलेलं असतं. दुकानदाराला विचारा, "रोख दिले तर कितीला द्याल?" समजा तो ३५,५०० म्हणाला. मग ३८,००० हप्त्यांनी देणं म्हणजे २,५०० रुपये व्याज, आणि पैसे दर महिन्याला फिटत जातात हे धरलं तर वर्षाचा दर १३ टक्क्यांच्या आसपास बसतो. वर प्रोसेसिंग फी, आणि बँक दाखवते त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. तुमच्या आरडीला याच्या निम्म्याच्या आसपास व्याज मिळतं.

दराहूनही मोठी अडचण वेळेची आहे. तुमचं कार्यक्रमांचं उत्पन्न सणांवर चालतं. गणपती-नवरात्रात रोज बोलावणी, तुळशीच्या लग्नानंतर स्वागत समारंभ, मध्ये कोरडे महिने. डिसेंबर-जानेवारीत तर बाळ-बाळंतिणीसाठी तुम्हालाच घरी थांबावं लागेल, थांबायलाच हवं. ३,१६७ रुपयांच्या हप्त्याला याचं कशाचंच सोयरसुतक नसतं. तो ठरल्या तारखेला कापला जाणार, आणि क्रेडिट कार्डावर घेतलेला हप्ता थकला तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत जाणार.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. जुना प्रोसेसर या आठवड्यातच दुरुस्तीला देईन. पायाचं बटण हा झिजणारा, बदलता येणारा भाग आहे, काही शे रुपयांचं काम. एवढ्यावर हा हंगाम निघतो. बँकेत दुसरं बचत खातं उघडेन आणि कार्यक्रमाचे पैसे आले की त्याच दिवशी तिथे टाकेन, किराणाच्या पैशांत मिसळू देणार नाही. गणपती-नवरात्र मिळून १४ कार्यक्रम ठरलेत असं तुम्ही लिहिता. प्रत्येकी १,७०० हातात उरले तर २३,८०० होतात. मालक उशिरा पैसे देतो, तेव्हा यादी करून दिवाळीच्या आत मागून घ्या. आपल्याकडे कलाकाराला पैसे मागायची लाज वाटते. तुम्ही वाटून घेऊ नका.

एवढ्या पैशांत नवा एमई-९० बसत नाही. पण सांगलीतल्या ओळखीच्या वादकाकडे एमई-८० आहे, तो २०,००० मागतोय, ही ओळ तुम्ही पत्रात कंसात टाकली आहे. माझ्या मते तुमचं उत्तर त्या कंसात आहे. नव्या मॉडेलमुळे पडलेला भाव त्याने सोसला, त्याचा फायदा तुम्हाला मिळतोय. वाद्यवृंदाच्या स्टेजवर, ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गदारोळात, या दोन मॉडेल्समधला फरक समोर बसलेल्या कुणालाही ऐकू येणार नाही.

घेताना घाई करू नका, एक तास मागून घ्या. तुमची गिटार, तुमची केबल आणि हेडफोन घेऊन जा. प्रत्येक बटण दहादा दाबा, नेहमीच्या जोराने. पायाचं पॅडल टाचेपासून चवड्यापर्यंत हळू फिरवा. आवाज मध्येच उडी मारतोय का ऐका. खुंट्या फिरवताना खरखर होते का बघा. जॅक थोडा हलवून बघा. सेलचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरी बुरशी दिसते का पाहा. सेल गळून आतला पत्रा खाल्ला गेला असेल तर सौदा सोडून द्या. सगळं ठीक असेल तर १८,००० पासून बोलायला सुरुवात करा. मूळ अडॅप्टर सोबत मागा, कारण भलता अडॅप्टर लावून चांगले डबे गेलेले मी पाहिले आहेत. व्यवहार यूपीआयने करा आणि साध्या कागदावर मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या.

तो कागद जपून ठेवा. कार्यक्रमांचं उत्पन्न दर वर्षी विवरणपत्रात दाखवत जा, कर लागत नसला तरी. उद्या घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँक पगाराबरोबर हेही उत्पन्न बघते, पण विवरणपत्रात असेल तरच.

आणि पेडलची हौस? ती मारू नका. उन्हाळ्यातल्या लग्नसराईचे पैसे आले की ६,५०० चं एसडी-१ घ्या आणि गिटार आणि प्रोसेसरच्या मध्ये जोडा. ओव्हरड्राइव्ह बोटांच्या जोराला कसा साथ देतो, हे वाजवणाऱ्यालाच कळतं आणि त्याच्यासाठी ते महत्त्वाचं असतं. पेडल बरीच वर्षं टिकेल आणि पुढे प्रोसेसर बदलला तरी तुमच्याकडेच राहील.

त्याआधी मला एक माहिती हवी आहे. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये प्रसूतीचा खर्च धरला आहे का, पत्नीचं नाव त्यात घातलं आहे का आणि मर्यादा किती, हे एचआरकडून लेखी घ्या. दवाखान्यातूनही नॉर्मल आणि सिझेरियन असे दोन्ही अंदाज घेऊन ठेवा. विमा वजा केल्यावर सिझेरियनचा खर्च ४०,००० च्या वर जात असेल, तर दिवाळीचे ते २३,८०० खात्यातच राहू द्या आणि सांगलीच्या त्या वादकाला फेब्रुवारीपर्यंत थांबता येईल का, ते आत्ताच विचारून ठेवा.