गोवराने किती मुले दगावतात?

प्रश्न : अमेरिकेत गोवर झालेल्या हजार मुलांपैकी एक ते तीन दगावतात, असे वाचनात आले. प्रशांत महासागरातील सामोआ या बेटांच्या देशात २०१९ च्या साथीत मात्र हे प्रमाण हजारी चौदाच्या पुढे होते. विषाणू एकच असताना एवढा फरक कसा?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण मृत्यूंच्या संख्येला कशाने भागले हे पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करू नये. १९६३ मध्ये लस येण्यापूर्वी अमेरिकेत दरवर्षी सुमारे पाच लाख रुग्णांची नोंद होई आणि चारशे ते पाचशे मृत्यू होत, म्हणजे हजारी एक. प्रत्यक्षात वर्षाला तीस ते चाळीस लाख जणांना गोवर होत असावा, असा अंदाज आहे. तो भाजक धरला तर तेच प्रमाण दहा हजारी एक-दीडपर्यंत खाली येते. उलट, केवळ रुग्णालयांतील नोंदी घेतल्या तर प्रमाण फुगते, कारण तिथे बहुधा प्रकृती खालावलेलीच मुले पोहोचतात. ज्या घरांत गोवर हा दैवी कोप मानून मुलाला दवाखान्यात नेत नाहीत, तिथले आजारपण नोंदले जात नाही आणि मृत्यू झालाच तर तो अनेकदा न्यूमोनियाच्या किंवा जुलाबाच्या नावावर जातो. म्हणून घरोघरी फिरून, पुरळ उठल्यापासून तीस दिवसांत झालेल्या मृत्यूंची चौकशी करणारी पाहणी मला अधिक भरवशाची वाटते.

तरीही सगळा फरक मोजणीचा नाही. सामोआत २०१८ मध्ये लस चुकीच्या द्रवात मिसळली गेल्याने दोन बालके दगावली, लसीकरण काही महिने थांबले आणि लोकांचा विश्वास उडाला. पुढच्या वर्षी दोन लाख वस्तीच्या त्या देशात ५,७०० हून अधिक जणांना गोवर झाला व ८३ जण मरण पावले, त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील होते. वय जितके कोवळे तितका धोका मोठा, आणि कुपोषण व अ जीवनसत्त्वाची कमतरता तो आणखी वाढवतात. दाटीचाही वाटा आहे : पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये डॅनिश संशोधक पीटर आबी यांना असे आढळले की, घरातच भावंडाकडून लागण झालेली मुले बाहेरून गोवर घेऊन आलेल्या मुलांपेक्षा अधिक प्रमाणात दगावत होती.

२०२२ मध्ये मुंबईतील गोवंडीत साथ पसरली, तेव्हा दाटी, कुपोषण आणि अपुरे लसीकरण या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या. अशा वस्तीतील धोका अमेरिकेच्या आकड्याने मोजणे हा तिथल्या मुलांवर अन्याय आहे.