मका, मीठ आणि हरीण : वाचकांचे प्रश्न

हरणाला आमिष दाखवण्याबद्दल सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. जागेअभावी पत्रं थोडी कापली आहेत.

माझा मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. ऑफिसातल्या एकानं त्याला हरणाच्या शिकारीला बोलावलंय. रानात मका फेकणारं यंत्र असतं, हरीण खायला आलं की खोक्यासारख्या मचाणातून गोळी घालतात म्हणे. तिथे ते कायदेशीर आहे. पण आमचे वडील सांगायचे, पाणवठ्यावर दबा धरणाऱ्याला जुने लोक शिकारी म्हणत नसत. मुलाला काय सांगू? (कराड)

वडील सांगायचे ते नुसतं मानपानाचं नव्हतं, पुढे कायद्यातही आलं होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करता येत असे. पण त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये पाणवठ्यावर, मीठचाटणावर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर दबा धरायला बंदी होती. अपवाद होता तो पाणपक्ष्यांचा आणि पखुर्डी या माळावरच्या पक्ष्याचा. रात्री उजेड टाकून मारणं, मखमल चढलेल्या, म्हणजे अजून वाढत असलेल्या शिंगांचं हरीण मारणं, हेही त्या कायद्यात वर्ज्य होतं. 1991 च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारच संपली आणि ते कलम निघून गेलं. तहान आणि मीठ या जनावराला न टाळता येणाऱ्या गरजा आहेत, तिथे गाठून मारू नये, असा त्यामागचा साधा हिशेब.

टेक्सासचा मका त्या हिशेबात थोडा वेगळा बसतो, कारण मका ही हरणाची गरज नाही, चटक आहे. तिपाईवर साधारण 200 लिटरचं पिंप, खाली बॅटरीवर फिरणारी चकती आणि टायमर, अशी ती रचना असते. सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी काही सेकंद चकती फिरते, दाणे चारी बाजूंना उडतात. थोड्याच दिवसांत त्या आवाजावरच हरणं येऊ लागतात. शिकारी शंभरेक यार्डांवर बसलेला असतो.

याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. खाताना हरीण स्थिर उभं असतं, अंगाची बाजू समोर येते, नर-मादी आणि वय नीट पाहायला वेळ मिळतो. गोळी काळीज-फुप्फुसात बसते, जखमी जनावर झुडपात पळून तडफडत मरत नाही. ज्याला मारायचंच आहे त्यानं स्वच्छ मारावं, याला उत्तर देणं सोपं नाही. टेक्सासची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, लांडगे केव्हाच संपलेत, आणि कोणी किती हरणं मारायची हे राज्य सरकार ठरवून देतं, हेही लक्षात घ्यावं लागतं. उलट बाजूला तिथलेच शिकारी आहेत. जनावराला निसटायची खरीखुरी संधी असावी हा त्यांचा आग्रह जुना आहे, आणि पिंपाखाली ती उरते का, यावर त्यांच्यात आजही भांडणं होतात.

आमच्या मते या वादाचा निकाल गोळीवर लागत नाही, तो लागतो तोंडांवर. एरवी पांगून चरणारी हरणं एकाच जागी, एकाच मातीत तोंड घालतात, लाळ एकमेकांत जाते. मिशिगनमध्ये 1994 साली रानातल्या हरणांत गुरांचा क्षय सापडला. खाऊ घालून गर्दी जमवणं हे तो पसरण्यामागचं एक मोठं कारण मानलं गेलं. पुढे 2019 मध्ये त्या राज्याच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भागात हरणांना आमिष टाकणंच बंद केलं. मेंदू पोखरून हरणाला खंगवत नेणारा दुसरा रोग (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) 1967 मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत प्रथम दिसला. त्याचं कारण असलेलं बिघडलेलं प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि शिजवल्यानं जात नाही. म्हणजे गोळी एका हरणाला लागते, पण पिंपाखाली येऊन गेलेल्या प्रत्येक हरणाला धोका असतो.

मुलानं जायचं की नाही हे तो ठरवील. गेलाच तर यजमानाला दोन गोष्टी विचाराव्यात. त्या भागात हा खंगवणारा रोग सापडलाय का, आणि मारलेल्या हरणाची तपासणी होते का. तपासणीत रोग निघाला तर ते मांस खायचं नाही, असाच तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे.

चांदोलीच्या बाजूला आमचं शेत जंगलाला लागून आहे. काही जण कडेला मिठाचे खडे ठेवतात. भेकर, सांबर येतात. कोणी मारत नाही, नुसतं बघतात. यात गुन्हा कसला? (शिराळा तालुका)

कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, फास लावणं, हाकारणं आणि आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, हे सगळं कलम 2 मधल्या व्याख्येत शिकारच आहे. नुसतं बघायला ठेवलेल्या मिठावर खटला उभा राहील की नाही, ते त्या वेळच्या पुराव्यावर ठरेल. पण त्याच मिठाजवळ उद्या दुसऱ्याच कोणी फास लावला, तर पंचनाम्यात आधी तुमचे खडे येतील. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात शिकार केल्यास 2022 च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे.

मीठ एवढं ओढतं का, तेही पाहा. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस जांभ्या मातीतलं सोडियम धुऊन नेतो. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात पोटॅशियम भरपूर, सोडियम जेमतेम. त्यात नरांची नवी शिंगं वाढत असतात, माद्या पाजत असतात. जनावर भीती गिळून शेताच्या कडेपर्यंत येतं ते यामुळे. आणि त्या खड्याला रात्री सांबर चाटतं, सकाळी तुमची म्हैस. लाळ्या-खुरकूत दोन खुरांच्या सगळ्याच जनावरांना होतो, गव्याला आणि सांबरालाही. रोग गोठ्यातून रानात जायला याहून सोपी वाट नाही. वन विभाग स्वतःची चाटणं करतो ती आत, गुरांच्या वाटेपासून दूर, आणि तिथे त्याचं लक्ष असतं.

मिठाजवळ क्लच वायरचा फास दिसला (बहुधा गुडघ्याच्या उंचीवर, कारवीच्या किंवा वाकवलेल्या फांदीच्या आडोशाला असतो, आणि खालचा पाचोळा आजूबाजूपेक्षा उकरलेला दिसतो) तर हात लावू नका. मोबाईलवर जागेसकट फोटो घ्या आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. फास स्वतः काढलात तर पुरावाही जातो आणि त्यावर तुमच्या बोटांचे ठसे राहतात. फासात जिवंत जनावर असेल तर जवळ जायचंच नाही. धडपडीत तार आणखी रुतते.

सागरेश्वर अभयारण्याच्या कुंपणाबाहेर येणारी हरणं आमचा मका आणि शाळू खातात. एकानं सुचवलं की बांधाकडेच्या दोन सऱ्या त्यांच्यासाठी सोडाव्यात, म्हणजे आतल्या पिकाला लागणार नाहीत. हे चालतं का? (देवराष्ट्रे)

नाही चालत. पहिल्या हंगामात चालल्यासारखं वाटतं, म्हणूनच फसगत होते. दोन सऱ्या संपल्या की हरीण तिसरीत येतं, आणि दरम्यान तुमचं शेत त्याच्या रोजच्या वाटेवर पडलेलं असतं. पाडसं आईमागून ती वाट शिकतात. सोडलेलं पीक हे आमिषच, फक्त त्यामागे बंदूक नाही.

खात्रीचा उपाय जाळीचा. ती आठ फूट हवी. सहा फुटांची जाळी सांबर उभ्या जागेवरून ओलांडतं. खालची कड जमिनीला घट्ट हवी, कारण वरून उडी मारणाऱ्या हरणापेक्षा खालून घुसणारं डुक्कर जाळी आधी उचकटतं आणि मग त्याच भोकातून हरणं येतात. एवढा खर्च झेपत नसेल तर सौर कुंपण. त्यात यंत्र सेकंदाला साधारण एक झटका सोडतं, पाच ते आठ हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. त्यामुळे झटका बसतो, जीव जात नाही. मोटारीच्या लाईनवरून 230 व्होल्ट तारेत सोडणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. त्यानं रात्री पाणी पाजायला गेलेला शेजारी मरतो, आणि सोडणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

सौर कुंपण बसवून 'काही उपयोग झाला नाही' म्हणणाऱ्यांकडे दोष बहुधा तीनपैकी एका ठिकाणी निघतो. ऑगस्टात गवत वाढून तारेला टेकतं आणि दाब जमिनीत उतरतो, म्हणून तारेखालचा हातभर पट्टा दर पंधरवड्याला कापावाच लागतो. दुसरा दोष अर्थिंगचा. एक सळई ठोकून भागत नाही. सहा फुटी तीन सळया, दहा-दहा फुटांवर, एकमेकींना जोडलेल्या हव्यात, आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्या बुडात पाणी ओतायला हवं. कोरड्या मुरमात झटका परत फिरत नाही. तिसरा दोष म्हणजे कोणी तपासतच नाही. टेस्टर विकत घ्या आणि रोज संध्याकाळी यंत्रापासून सर्वांत लांबच्या टोकाला लावून पाहा. तीन हजारांच्या खाली आकडा गेला की हरणाला काही जाणवत नाही.

न जाणवण्याचं कारण हरणाच्या केसांत आहे. ते आतून पोकळ आणि दाट असतात, अंग तारेला घासलं तरी झटका आत पोचत नाही. झटका लागतो तो ओल्या नाकाला नि जिभेला. अमेरिकेतले शेतकरी म्हणून तारेवर थोड्याथोड्या अंतरानं पातळ पत्र्याचे तुकडे दुमडून लावतात आणि त्यांना शेंगदाण्याचं लोणी फासतात. हरीण चाटायला येतं, जिभेला झटका बसतो आणि पुढे ते त्या तारेपासून लांब राहतं. कमी हरणं आणि छोटा तुकडा असेल तर एका तारेवर काम भागतं, मोठा कळप असेल तर नाही. आमिषाचा हा एकच वापर आम्हाला पटतो, कारण तो जनावराला शेतापासून तोडतो, जोडत नाही. तरी वर सांगितलेली व्याख्या आठवा आणि आधी वनक्षेत्रपालांना लेखी विचारा, मगच करा.

नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करायचा. पंचनाम्यापर्यंत पीक कापायचं नाही, मोडलेली धाटं गोळा करायची नाहीत, खुरांच्या ठशांवर पाणी सोडायचं नाही. फोटोत खुराचा ठसा आणि शेजारी काडेपेटी असे एकत्र घ्या, म्हणजे आकार कळतो. हरीण धाट वरून, शेंड्याकडून ओरबाडतं, डुक्कर बुडातून आडवं पाडतं. ही खूण पंचांना दाखवली की वाद कमी होतो.

कोयनेच्या काठावरचे काही मुक्कामवाले पाहुण्यांना प्राणी दिसावेत म्हणून मागच्या अंगणात शाळू आणि मीठ टाकतात. आम्ही पाहुणे म्हणून काय करावं? (पाटण)

तिथे राहू नये, आणि का राहत नाही ते मालकाला सांगावं. माणसाच्या दिव्याखाली खायला सवकलेला गवा चार महिन्यांनी कोणाच्या तरी परसात उभा राहतो, आणि तेव्हा पाहुणे घरी गेलेले असतात.

उन्हाळ्यात माणदेशात हरणांचे हाल होतात. तरुण मंडळाच्या मुलांनी गहू, मका आणि शिळ्या भाकरी माळावर ठेवायचं ठरवलंय. किती ठेवाव्यात? (दहिवडी)

एकही नको. पोत्यात तोंड घालून बैल किंवा म्हैस कशी आडवी होते हे तुमच्याकडच्या प्रत्येक घरात ठाऊक असेल. हरणाचं तेच होतं, फक्त त्याला सलाईन लावायला डॉक्टर येत नाही. त्याच्या पोटातले जंतू काडी आणि पाला पचवायला बसलेले असतात. अचानक पोटभर पिठूळ धान्य गेलं की दुसरे जंतू फोफावतात, लॅक्टिक आम्ल साठतं, आंबटपणा एवढा वाढतो की काडी पचवणारे जंतू मरतात. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, हगवण लागते, जनावर बसतं. एक ते तीन दिवसांत मरतं, तेही भरल्या पोटानं. धान्याची सवय व्हायला त्या पोटाला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेही रोज थोडंथोडं वाढवत नेलं तर. उन्हाळ्यात उपाशी आलेलं हरीण तसं खात नाही.

द्यायचंच तर पाणी द्या. वनजमिनीवर असेल तर वन विभागाची परवानगी घेऊन, खाजगी माळावर असेल तर मालकाला विचारून. उभ्या भिंतीचं टाकं नको, त्यात पाडसं आणि साळिंदरं बुडतात. सिमेंटची बशी करा, मध्यभागी फूट-दीड फूट खोल, चारी बाजूंनी लांब उतार, आणि ओलं असताना कुंच्यानं खरखरीत केलेलं, म्हणजे खूर घसरत नाही. जागा रस्त्यापासून लांब आणि भोवती मोकळी हवी. दाट झुडपाला लागून केली तर भटकी कुत्री तिथेच दबा धरतात, आणि माणदेशात सध्या हरणाच्या पाडसाला सर्वांत मोठी भीती त्यांचीच आहे. आठवड्याला पाणी उपसून शेवाळ खरवडा. एकदा भरायला लागलात की पहिला पाऊस पडेपर्यंत खंड पडू देऊ नका. त्या पाण्यावर विसंबलेलं जनावर मेच्या मध्यावर दुसरा पाणवठा कुठे शोधणार? टँकरचे पैसे जूनपर्यंत पुरत नसतील तर यंदा बशी बांधू नका, त्या पैशात गावातल्या उघड्या विहिरींना कठडे घाला.