कुठल्या साली, किती वजनावर?

सांगली

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

बॉक्सिंगमध्ये मेरी कोम भारी की निखत झरीन, हा वाद तू परवा जिंकलीस. पण ज्या मुद्द्यावर जिंकलीस तो मला पटला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुझं म्हणणं, डिसेंबर २०१९ च्या दिल्लीतल्या निवड चाचणीत, ५१ किलोवर, मेरीने निखतला ९-१ ने हरवलं, विषय संपला. निकाल खरा आहे. पण त्या दिवशी मेरी ३७ वर्षांची होती, निखत २३ ची. निखतची जागतिक सुवर्णं २०२२ आणि २०२३ मधली, म्हणजे ती अजून भरात यायची होती. मेरीची विजेतेपदं बहुतेक ४५ ते ४८ किलोतली. ५१ वर ती गेली, कारण २०१२ ला लंडनमध्ये बायकांसाठी ५१, ६० आणि ७५ असे तीनच गट होते. म्हणजे त्या दिवशी एकीचा भर सरलेला, दुसरीचा यायचा, आणि वजन मेरीचं स्वतःचं नव्हे. समोरासमोर झालेल्या लढतीलाही 'कोण भारी'चं उत्तर देता आलं नाही, मग ज्या लढती झाल्याच नाहीत त्यांच्यावर बोलताना किती जपून बोलावं लागेल बघ.

एकदा जत्रेच्या मैदानात कुस्त्यांच्या जोडी लावणाऱ्या जुन्या माणसांजवळ बसून बघ. पोरगा पुढे आला की आधी मान बघतात, मग मनगट, मग कान. दंडाला हात लावून बघतात. कुठली तालीम, मागची कुस्ती कधी झाली, मध्ये आजारी होतास का, एवढं विचारून झाल्यावर त्याच्यासमोर कुणाला उभं करायचं ते ठरतं. गेल्या वर्षी गाजवलेलं नाव तिथे चालत नाही, आज अंगात काय आहे ते चालतं. तुमच्या वादात नेमकं हेच होत नाही. तुम्ही नावाला नाव भिडवता.

आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचंच घे. १९४८ ला लंडनमध्ये ते ५२ किलोत लढले, मातीतून मॅटवर गेलेले, आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य आणलं. माणूस तोच, पण चार वर्षांनी आणि पाच किलोंनी वेगळा. 'खाशाबा विरुद्ध अमुक' म्हणताना कुठले खाशाबा, हे सांगायलाच हवं.

वजनाचं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ते तुम्हा पोरांना फक्त काट्यावरचा आकडा वाटतं. हेलसिंकीच्या महिनाभर आधी, २५ जून १९५२ ला, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन जोई मॅक्सिमशी लढला. रॉबिन्सन मूळचा ६६.७ किलो गटाचा, नंतर ७२.५ च्या गटाचा विजेता. मॅक्सिमचा गट ७९.४ चा. रिंगमध्ये दोघांत सुमारे सात किलोंचा फरक होता. उकाडा असा की दहाव्या फेरीनंतर पंचच बदलावा लागला. गुणांवर रॉबिन्सन पुढे होता, हात त्याचे जलद होते. पण मॅक्सिम प्रत्येक मिठीत त्याच्या अंगावर रेलत होता, आणि ते ओझं रॉबिन्सनला दर फेरीला पेलावं लागत होतं. तेराव्या फेरीत त्याचा ठोसा हुकला आणि तो स्वतःच तोंडावर पडला. चौदाव्याला स्टुलावरून उठताच आलं नाही. जास्तीचं वजन ठोशात दिसतंच, पण त्याहून जास्त ते असं पाय मारतं. तू तुझ्याहून जड मुलीशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करतेस तेव्हा तिसऱ्या फेरीत आधी तुझे पाय जातात, तेच हे.

आणि काट्यावरचं वजन व रिंगमधलं वजन यांत गल्लत करू नकोस. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं, रात्रीतून माणूस चार-पाच किलो परत भरून घेऊ शकतो. तुमच्या हौशी स्पर्धांत ते सकाळी होतं आणि त्याच दिवशी लढत. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

तरी वजन म्हणजे सगळं नव्हे. मुष्टियोद्धा रॉबर्टो डुरान मूळचा ६१ किलो गटाचा. १९८९ ला, ३७ व्या वर्षी, त्याने इरान बार्कलीकडून ७२.५ किलोचा किताब घेतला. पाय केव्हाच मंदावले होते, पण डोकं चुकवणं आणि आत शिरून मारणं शाबूत होतं. भर एकदम ओसरत नाही. आधी पाय जातात, मग नजर, ठोशातली ताकद बराच काळ टिकते, आणि डावपेच तर वयाबरोबर वाढतात.

अली-टायसनचा तुमचा आवडता वाद यातूनच सोडव. तिथे वजनाचा प्रश्न जवळजवळ नाही. १९६६ चा अली ९६ किलोंच्या आसपास, १९८८ चा टायसन ९९ च्या. प्रश्न सालाचा आहे. १९६७ ते १९७० अलीला लढूच दिलं नाही, म्हणजे पंचविशी ते अठ्ठाविशी, मुष्टियोद्ध्याची सोन्यासारखी वर्षं, कुणीच पाहिली नाहीत. जॉर्ज फोरमनला त्याने १९७४ ला हरवलं खरं, पण दोराला टेकून मार खात, पाय गेल्यावर. त्याची सगळ्यात मोठी लढत त्याच्या भरातली नाही. टायसनचा भर मात्र छोटा आणि स्पष्ट, १९८६ ते १९८८.

माझं मत विचारशील तर १९६६ चा अली गुणांवर जिंकतो, त्याच्या पायांपर्यंत टायसन पोचत नाही. १९७१ च्या अलीची खात्री मी देणार नाही. त्या वर्षी बुटक्या, वाकत आत शिरणाऱ्या जो फ्रेझरच्या डाव्या हुकने त्याला पंधराव्या फेरीत खाली बसवलं होतं, आणि टायसनच्या जवळ जाणारा असा एकच नमुना आपल्याकडे आहे.

मेरी-निखतला मी ४८ किलोवर २०१० च्या मेरीला कौल देईन, आणि ५१ वर २०२२ च्या निखतला. तुझ्या मैत्रिणीला हे सांग आणि तिचं म्हणणं मला कळव. रॉबिन्सन आणि शुगर रे लिओनार्ड ६६.७ वर, पंधरा फेऱ्यांची लढत धरून काय होईल, ते तू लिहून आण. साल तूच ठरव, पण का ठरवलंस ते लिही.

तुझे
सर