चर्चमध्ये पुढचा गट गातो आणि बाकीचे नुसते ऐकतात. सगळ्यांनी गावं म्हणून गीतं कशी निवडावीत?

तुम्ही लिहिलंय की मंडळीच्या गायनाची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे. गट तयारीचा आहे, वाद्यंही चांगली आहेत, तरी बाकांवरचे लोक ओठ मिटून उभे असतात. पाळकांना जुनी गीतं हवीत, तरुणांना नवी वर्शिप साँग्स, आणि कोणाचं ऐकावं हे तुम्हाला कळत नाहीये.

मी बरीच वर्षं उपासनेत पेटी वाजवते आणि गाणं धरते. माझ्या मते जुनं की नवं हा वाद आधी बाजूला ठेवा. यादीतल्या प्रत्येक गीताबद्दल एवढंच बघा, की गाणं न शिकलेल्या, सकाळी घाईघाईत आवरून आलेल्या माणसांना ते एकत्र गाता येतं का. जुन्यातलीही कित्येक गीतं या कसोटीला उतरत नाहीत आणि नव्यातली कित्येक सहज उतरतात. लोक गात नाहीत याचं कारण बहुतेक वेळा त्यांची भक्ती कमी असते हे नसतं. त्यांना गाता येणार नाही अशा रीतीनं आपण गीत त्यांच्यापुढे ठेवलेलं असतं.

सुरुवात पट्टीपासून करा, म्हणजे गीत कोणत्या सुरापासून, किती उंच धरायचं तिथून, कारण निम्मं दुखणं तिथेच असतं. नवी गीतं आपण ध्वनिमुद्रणावरून उचलतो आणि त्यातला गायक बहुधा उंच आवाजाचा पुरुष असतो. पहिलं कडवं तो खाली, जवळजवळ पुटपुटत गातो आणि शेवटी तीच चाल एक सप्तक वर नेतो. ऐकायला अंगावर काटा येतो, पण मंडळीनं काय करायचं? पहिल्या कडव्यात बायकांचा आवाज खाली पोचत नाही, शेवटच्या कडव्यात पुरुषांचा वर पोचत नाही. मग दोघंही गप्प बसतात. सर्वसाधारण मंडळीत बायकांना पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, इंग्रजीतला C) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत (D) आरामात गाता येतं आणि पुरुषांना त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. वरच्या काळी दोनच्या पुढे गेलात की आवाज गळायला लागतात, सकाळच्या उपासनेत तर नक्कीच. म्हणून गीताचा सगळ्यात वरचा सूर आधी शोधा, तो या हद्दीत बसेल अशी पट्टी धरा, आणि सप्तक बदलण्याचा प्रकार मंडळीच्या गायनात सरळ सोडून द्या. गटातल्या मुख्य गायकाला खालच्या पट्टीत आपला आवाज फिका वाटेल. त्याला प्रेमानं सांगा की इथे त्याच्या आवाजापेक्षा शेवटच्या बाकावरचा आवाज महत्त्वाचा आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त कळलं ते मागे बसून. अधूनमधून एखाद्या रविवारी मी पेटी दुसऱ्याकडे देते आणि अगदी शेवटच्या बाकावर बसते. एकदा एका गाजलेल्या नव्या गीताच्या वेळी माझ्या पुढच्या बाकावर बाप-लेक होते. पहिल्या दोन ओळी बाप चांगला खणखणीत गात होता. तिसऱ्या ओळीत चाल चढते, तिथे त्यानं मध्येच सूर सोडून एक सप्तक खाली उडी घेतली, ती फारच खोल गेली, म्हणून पुन्हा वर यायचा प्रयत्न केला आणि तोवर ओळ संपली. पुढच्या कडव्यात तिसरी ओळ आली तेव्हा तो थांबला. त्याच्या पुढच्या कडव्यात त्यानं सुरुवातच केली नाही. मुलगा त्याच्याकडे बघत होता, मग तोही थांबला. पुढे उभं राहून हे कधीच दिसत नाही, कारण तिथे आपल्याला आपलेच आवाज स्पीकरमधून परत ऐकू येतात. तुम्ही पुढच्या रविवारी मागे बसा, आणि कोणत्या गीताच्या कोणत्या ओळीला आवाज पडतो ते वहीत लिहून ठेवा. त्या एका पानावरून जे समजेल ते माझ्या या सगळ्या उत्तरातून समजणार नाही.

आता चाल. ज्या चाली पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या नीट ऐकल्या तर दिसतं की त्यात सूर थोडे असतात, मोठ्या उड्या कमी असतात आणि ओळ एका श्वासात संपते. ‘अमेझिंग ग्रेस’ हे प्रसिद्ध इंग्रजी भक्तिगीत घ्या. जॉन न्यूटनचे शब्द १७७९ मध्ये छापून आले, आणि आज जगभर गातात ती चाल त्यांना जोडली गेली १८३५ मध्ये, विल्यम वॉकरच्या अमेरिकेतल्या गीतसंग्रहात. मधल्या काळात तेच शब्द इतर चालींवर गायले जात होते. ही चाल पाचच सुरांची आहे: सा, रे, ग, प, ध. म्हणजे आपल्या भूप रागाचेच सूर. पसारा खालच्या पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत, बरोबर एक सप्तक. पांढरी पाच धरली की वरचा सूर पांढरी दोनवर येतो, वर सांगितलेल्या हद्दीत अगदी चपखल. मराठी मंडळीला ती परकी वाटत नाही त्यात हाही एक भाग आहे असं मला वाटतं. नवं गीत निवडताना याच गोष्टी तपासा: सूर किती, उड्या किती, श्वास कुठे घ्यायचा. ताल फार आडवातिडवा असेल, शब्द ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे पडत असतील, तर एकट्या गायकाला ते शोभतं, पण शंभर माणसं ते शंभर प्रकारे गातात.

ध्रुवपदाची ताकद आपण विसरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३६ वं स्तोत्र उघडा. सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच येतं, की देवाची दया सनातन आहे. एकानं पुढचं म्हणायचं, सगळ्यांनी हे उत्तर द्यायचं, अशीच त्याची घडण दिसते. लहान मूल, वाचता न येणारी आजी, पहिल्यांदाच आलेला पाहुणा, कोणीही तिसऱ्या वचनापर्यंत त्यात सामील होतो. भजनात आपण दुसरं काय करतो? पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पुस्तकं नसत, अनेकांना वाचता येत नसे, तेव्हा एक जण ओळ म्हणून दाखवायचा आणि मंडळी तीच ओळ गायची. आजही नवं गीत शिकवायला याच्याइतकी चांगली रीत मला ठाऊक नाही.

मंडळीनं ऐकत बसण्याची तक्रार आजची नाही. चौथ्या शतकात लावदिकीया इथल्या धर्मसभेनं नियम केला होता की चर्चमध्ये नेमलेल्या गायकांखेरीज कोणी गाऊ नये. पश्चिमेकडे पुढे कित्येक शतकं उपासनेतलं बरंचसं गायन लॅटिनमध्ये, पाळकवर्ग आणि गायकवृंद यांच्याकडेच राहिलं. १५२४ मध्ये जर्मनीत धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या चळवळीतून लोकांच्या भाषेतली जी पहिली पुस्तिका निघाली तिच्यात फक्त आठ गीतं होती. आठच! मंडळीला गायला लावायला शेकडो गीतांचा साठा लागत नाही, आठ गीतं पक्की तोंडात बसली तरी सुरुवात होते, हे मला त्या आकड्यातून नेहमी जाणवतं. आज अडवणारा नियम नाही, पण मोठे स्पीकर, अंधार केलेलं सभागृह आणि पुढचा झगमगाट यांनी तेच साधतं. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलानं कलस्सैच्या मंडळीला लिहिलंय की स्तोत्रं आणि गीतं यांच्याद्वारे एकमेकांना शिकवा, बोध करा. त्यासाठी एकमेकांचा आवाज ऐकू तर आला पाहिजे.

मराठी मंडळीत एक जास्तीची अडचण आहे. आपल्या पुस्तकातली पुष्कळ गीतं इंग्रजी चालींवर बसवलेले अनुवाद आहेत. ती चाल इंग्रजी आघातांसाठी बांधलेली. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचं वजन सांभाळावं लागतं. ‘दया’ हा शब्द बघा. द लघु, या गुरू. चालीचा लांब सूर जर ‘द’वर आला आणि ‘या’ला निसटता सूर मिळाला, तर मंडळी ‘दाऽऽय’ असं काहीतरी गाते आणि अर्थ हातातून जातो. काही अनुवादकांनी हे फार सुंदर सांभाळलंय, ती गीतं जपा. पण काही गीतं केवळ सवयीनं चालू आहेत. ती मोठ्यानं वाचून बघा, मग गाऊन बघा. दोन्हीत शब्द वेगळे ऐकू येत असतील तर त्यांना थोडी विश्रांती द्या.

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं ऋण इथे कळतं. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ मध्ये ते गेले. त्या अवघ्या चोवीस वर्षांत त्यांनी प्रभू येशूची भक्ती अभंगात, भजनात, कीर्तनात आणली. मोठ्या अभंगाचं सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं माप मराठी जिभेला इतकं ओळखीचं आहे की एक चाल आली की त्या मापाचा कुठलाही अभंग तिच्यावर म्हणता येतो. चौथा चरण आखूड, म्हणून श्वास घ्यायला जागा आपोआप मिळते. तुमच्या तरुणांना अभंग म्हाताऱ्यांचे वाटत असतील तर त्यांनाच एखाद्याला नवी चाल लावायला सांगा. ढोलक आणि टाळ आले की कीबोर्ड वाजवणारा मुलगाही पुढे सरकून बसतो, हा माझा अनुभव आहे.

शब्दांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. उपासना हा एक प्रवास आहे: स्तुती, पापकबुली, वचन, प्रतिसाद, प्रभुभोजन, पाठवणी. गीतं त्या त्या जागेसाठी निवडावीत. आवडती पाच सलग लावून देऊ नयेत. आणि आपल्या याद्यांत रडायला जागाच उरलेली नाही. स्तोत्रसंहितेतली जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, ‘किती काळ, हे प्रभू?’ असं विचारणारी. आपल्या बाकांवर त्याच आठवड्यात नोकरी गेलेला माणूस असतो, घरात मरण पाहिलेली बाई असते. त्यांना अर्धा तास फक्त विजयाची गीतं गायला लावली तर ती गप्प राहतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. महिन्यातून एकदा तरी त्यांच्या तोंडी शोभेल असं गीत ठेवा. पापकबुलीनंतर संथ चालीत एखादं विलापस्तोत्र घेतलं तर ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही.

नवं गीत शिकवण्याबद्दल: महिन्याला एकच. पहिल्या रविवारी अर्पणाच्या वेळी गटानं ते फक्त गाऊन दाखवावं, लोकांनी बसून ऐकावं. पुढच्या रविवारी ध्रुवपद सगळ्यांनी, कडवी गटानं. तिसऱ्या रविवारी पूर्ण. मग सलग दोनदा घेऊन थोडे दिवस बाजूला ठेवा आणि परत आणा. परत आणल्यावर लोकांनी ते आपणहून उचललं तर ते गीत मंडळीचं झालं. नाही उचललं तर आग्रह धरू नका, गीत कितीही सुंदर असो.

वाद्यांचं काम वाट दाखवण्याचं. सुरुवातीला गीताची शेवटची ओळ नेमक्या लयीत वाजवा, म्हणजे सूर, वेग आणि उठाव तिन्ही कळतात. लांबलचक पूर्वरंगानंतर कुठे सुरू करायचं हेच लोकांना समजत नाही. जुनी गीतं रेंगाळतात ती बहुधा ओळीच्या शेवटचा सूर ओढल्यामुळे, तिथे लय सोडू नका. आणि दर उपासनेत किमान एक कडवं सगळी वाद्यं बंद करून गायचं ठेवा. पहिल्यांदा लोक बिचकतील, आवाज कापेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते एकमेकांकडे बघून गायला लागतात. त्या कडव्यात गटानं माइकपासून मागे व्हावं, हे आधीच ठरवून घ्या.

पडद्यावर शब्द दाखवत असाल तर अख्खं कडवं एकदम दाखवा, दोन-दोन शब्द उडवत नेऊ नका. प्रताधिकाराचंही बघा: भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून टिळकांची गीतं मोकळी आहेत, पण नव्या गीतांना आणि त्यांच्या अनुवादांना परवानगी लागते.

पाळक आणि तरुण यांच्यामधल्या ओढाताणीबद्दल शेवटचं. दोघांना एकत्र बसवून पुढच्या तीन महिन्यांसाठी वीस गीतांची यादी करा, त्याच्या बाहेर जायचं नाही असं ठरवा. पाळकांनी सुचवलेली जुनी गीतं तरुणांनी बसवायची, आणि तरुणांनी आणलेल्या नव्या गीतांचे शब्द पाळकांनी तपासायचे. यादी पक्की व्हायच्या आधी प्रत्येक गीत एकदा वाद्यांशिवाय, सगळ्यांनी बसून, धरलेल्या पट्टीत गाऊन बघा. जे तिथे अडखळेल ते काढून टाका, मग ते कोणीही सुचवलेलं असो.